वेशीपाशी थांबलेली गाडी

हुमनाबाद, नाताळ १९३७

अंकुशअण्णा,

मी ख्रिस्ती मास्तरांशी लग्न केलं, तेव्हापासून सात वर्षं तुम्ही कुणी माझा उंबरा चढला नाहीत. आज प्रार्थना करून आलो, पोरींना वाढायला बसले, तर दारात आई! हातात शेंगापोळ्यांचं गाठोडं. माझ्या घरचं पाणी तरी पिईल का, या धास्तीनं मी तिच्याकडे बघतच उभी राहिले. ती सरळ पाटावर बसली.

"बघायलीस काय? मलाबी वाढ की."

पोटभर जेवली, अण्णा. पोरींनी तिला नाताळचं गाणं म्हणून दाखवलं. धाकटी तिच्या मांडीवरून उठेना. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

निघताना मी विचारलं, "निर्ण्याहून आलीस कशी?"

"अंकुशनंच आणलं. गाडी घेऊन वेशीपाशी बसलाय. मी सांगितलं म्हणू नको त्याला."

मी शब्द दिला, म्हणून हे पत्र पेटीतच राहील. पण तिच्यापाशी गाडीवानासाठी म्हणून करंज्या बांधून दिल्या अन् वेस दिसावी म्हणून घरावरच्या माळवदावर जाऊन उभी राहिले. तू पुडी उघडलीस. थोडा वेळ नुसता बघत बसलास. मग एकेक करून सगळ्या खाल्ल्यास.

तुझी बहीण,
राजू