गेरू लावलेली वीट

३ ऑक्टोबर, सकाळ
आजपासून चिडायचं नाही. ठरलं.
मोठे भाऊ मावजीभाई काल म्हणाले, "गिरधर, दिवाळीनंतरच्या लाभपाचमपर्यंत तुझ्या विटा खपल्या नाहीत तर तुझ्या शेडमध्ये माझ्या लाल विटांच्या भट्टीचा कोळसा पडेल. जागा माझी आहे." पडेल कसला! समाजाची वाडी, म्हणजे लग्नकार्याचं सभागृह, बांधायला निघालीय. एवढी मोठी इमारत आणि विटा माझ्या. वीजकेंद्राच्या राखेच्या, न भाजलेल्या, धूर नाही की शेतातली माती खणणं नाही. वाडीचे अध्यक्ष त्रिभोवनकाका शिकलेले आहेत. ऑर्डर खिशातच आहे म्हणा.

३ ऑक्टोबर, संध्याकाळ
चिडलो. पण कारण होतं.
काकांनी माझ्या दोन विटा एकमेकींवर आपटल्या, कान लावला आणि म्हणाले, "वाजत नाही रे." मी म्हटलं, काका, वीट आहे, देवळातली घंटा नाही. तर म्हणाले, "आणि हा रंग? अरे, वाडीत लग्नं लागायचीत, बारावं-तेरावं नाही. राखेचा मांडव कोण घालतं?" सगळी कमिटी हसली. गाठिया माझ्या पैशाचे खात होती.

७ ऑक्टोबर
कमिटीला पडद्यावर सगळं समजावलं. माती, धूर, पाणी, पुढची पिढी. पुढच्या पिढीपर्यंत पोचेतो काका घोरत होते. जागृती हळूहळूच होते.
घरी रंभा म्हणाली, "लोकांना लाल हवी तर लाल द्या ना." बायकोला पर्यावरणातलं काय कळतं!

८ ऑक्टोबर
मला एक कल्पना सुचली. विटा लाल करायच्या! गेरूने. गेरू म्हणजे माती, माती म्हणजे निसर्ग. यात फसवणूक कुठेच नाही.

१० ऑक्टोबर
काकांना नमुना पसंत. "हं, आता कशी वीट दिसते!" दसऱ्याच्या खातमुहूर्ताला, म्हणजे पायाभरणीला, पहिल्या पाच विटा माझ्या. मावजीभाई नुसते बघत राहिले. जळतात, दुसरं काय.

१२ ऑक्टोबर, दसरा
फाफडा-जलेबी ताटात तशीच राहिली.
खातमुहूर्ताला विटांची पूजा होते हे मला माहीत होतं. पूजेआधी त्यांना दुधापाण्याने आंघोळ घालतात, हे जन्मभर बघूनही विसरलो. लाल ओघळ थेट काकांच्या पांढऱ्या धोतरावर. महाराज मंत्र म्हणता म्हणता थांबले. काका म्हणाले, "गिरधर, तुझ्या विटेचा घोळणा फुटला की काय?" मावजीभाईंना हसू आवरेना, खाली बसावं लागलं त्यांना. सख्खा भाऊ!
चूक महाराजांची आहे. दूध फार ओतलं.

१९ ऑक्टोबर
काकांचा निरोप. ऑर्डर! धावत गेलो.
स्मशानाच्या कंपाउंडची भिंत. "तिथे तुझी राख शोभेल," काका म्हणाले. "गेरू मात्र लावू नकोस हं." कमिटी पुन्हा हसली. मी ताडकन उठलो, चहाही घेतला नाही. माणसाला मान आहे की नाही?
रंभाने विचारलं, "भिंत किती लांब आहे हो?" मी दिवा मालवला. खूप लांब आहे.

२३ ऑक्टोबर
शांतपणे विचार केला. स्मशान हेही बांधकामच. उद्या काकांना आणखी एक संधी द्यायची.

२४ ऑक्टोबर
भिंतीचं काम मावजीभाईंना गेलं. लाल विटांत. काका म्हणाले, "तू तर फणकाऱ्याने उठून गेलास, आम्ही काय करणार?"
काय करणार! चिडलो. खूप चिडलो. रडूच आलं.

६ नोव्हेंबर, लाभपाचम
धंद्याच्या मुहूर्तावर कोळशाचा पहिला ट्रक आला. शेडसमोर उतार आहे, गाडी मागे सरकू लागली. ड्रायव्हरने खाली उडी मारून ढिगातल्या माझ्या दोन विटा उचलल्या आणि चाकांमागे सारल्या. भरलेला ट्रक जागच्या जागी थांबला. विटांना साधा तडा नाही.
ड्रायव्हर वाकून बघत राहिला. म्हणाला, "शेठ, वीट भारी आहे हो. गावाकडे घर बांधतोय. कुठे मिळते?"
मी म्हटलं, बंद झाली.
मग कोळसा कुठे टाकायचा ते दाखवलं.