पूल पडण्याआधीचं दुःख

३ मार्च, सोमवार
सरकारी खुर्चीत पहिला दिवस. खुर्ची फिरते. फिरवून पाहायची होती, पण शिपाई बघत होता. आठवीत शाळा सोडलेला माणूस जनसंपर्क कार्यालयात कसा, असं कोणीतरी विचारेल म्हणून दिवसभर धाकधूक. कोणी विचारलं नाही. पेपरात बातमीदारी करताना चपला झिजवल्या, त्याच कामाला आल्या.
आईला फोन केला. "आता तरी कोणी मारायला धावणार नाही ना?" म्हटलं, नाही गं, आता मीच सरकार. रविवारी नदीपलीकडून बसने येतेय. खुर्ची बघायला!

५ मार्च
साहेबांनी बोलावलं. नदीवरच्या जुन्या पुलाबद्दल दोन प्रेसनोट करून ठेव म्हणाले. पहिली – पूल सुरक्षित आहे, अफवांवर विश्वास ठेवू नये. दुसरी – पूल दुर्घटनेबद्दल तीव्र दुःख, मृतांच्या नातेवाइकांना मदत. "आकड्याची जागा मोकळी सोड."
"साहेब, पूल तर उभा आहे."
"म्हणून तर आज निवांत लिहिता येईल."

६ मार्च
पेपरातही आम्ही आजारी पुढाऱ्यांचे मृत्युलेख आधीच लिहून ठेवायचो. आमचे संपादक – त्यांना सगळे म्हातारा म्हणायचे – सांगायचे, "डॉक्टरच्या आधी आपली तयारी पाहिजे." आम्ही हसायचो.
पण धडधाकट माणसाचा मृत्युलेख कोण लिहून ठेवतो? ज्याचं काही खरं नाही त्याचाच ठेवतात.
जेवलो नाही.

७ मार्च
पुलाच्या इंजिनिअरला कॅन्टीनमध्ये गाठलं. पुलाचं काय, म्हटलं.
"तू कुठल्या बाजूला राहतोस?"
"अलीकडे."
"मग बरं आहे."
उठून गेला. बिस्कीट तसंच राहिलं बशीत.
दुपारी साहेबांनी 'सुरक्षित'वाली नोट पाठवायला लावली. पाठवली. एकाही पेपरवाल्याने फोन करून विचारलं नाही.

८ मार्च
पहिल्या पानावर माझं वाक्य. जसंच्या तसं. पानाला हात लावायची भीती वाटते.
साहेबांना विचारलं, थोडे दिवस पूल बंद नाही का ठेवता येणार?
"बंद केला तर लोकांना वाटेल आपण घाबरलो. तू घाबरलायस का?"
नाही म्हटलं.
आईला सांगितलं, उद्या येऊ नको. "का रे? खुर्ची गेली की काय?" फोनवर खरं बोलायची हिंमत होईना. ऊन फार आहे म्हटलं.
"मी काय लोण्याची आहे? येतेच बघ."
आणि ती नाही आली तरी? तिच्या शेजारच्या सीटवर कोणाची तरी आई असेलच. बस काही रिकामी येत नाही.

९ मार्च
सकाळी दुसरी नोट सगळ्या पेपरांना पाठवली. चुकून नाही. आकड्याची जागा मोकळीच ठेवली.
पहिला फोन म्हाताऱ्याचा. "पूल पडला?"
"नाही."
मग हळूच, "म्हणजे मृत्युलेख तयार आहे."
"हो."
"वेबसाइटवर टाकतो आत्ताच."
दुपारच्या आत पुलाच्या दोन्ही तोंडांना पोलीस उभे. आईची बस पलीकडेच अडवली. फोनवर ओरडत होती – ऐकत राहिलो.
खुर्ची काही आता तिला दिसायची नाही.