आज गाडी मी चालवली

पिंपळी, रविवार, संध्याकाळ

आज निरवांगीहून, नणंदेच्या दारापासून थेट आमच्या घरापर्यंत मोटारसायकल मी चालवली! मागं नवरा, संदीप आणि दोन्ही बाजूंना सरावासाठी प्रवासाच्या भरलेल्या बॅगा.

अपघातानंतर संदीपच्या मनगटात प्लेट आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, सलग दोन तासांच्या वर चालवायची नाही. म्हणजे ठरल्याप्रमाणे दोघांनी याच गाडीवरून अरुणाचलातल्या तवांगला जायचं तर अर्धा रस्ता माझा. आणि माझे पाय? नुसते चवडे टेकतात. महिनाभर आबा, माझे सासरे, तेच ऐकवतायत. "पाय टेकत न्हाईत आन् निघाली चीनच्या हद्दीला!" राग यायचा, कारण मलाही भीती तीच होती.

आज सणसरच्या अलीकडं, कालव्याच्या पुलाच्या चढावर पुढची उसाची ट्रॉली अचानक थांबली. गाडी डावीकडं कलली. संदीप ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "जमतंय तुला." मी सीटवरून सरकले, डावा पाय पुरता टेकवला आणि सगळं वजन तोलून धरलं. ट्रॉली हलली, मीही निघाले. एवढंच होतं? एवढ्यासाठी महिनाभर झोप उडाली होती?

घरी आल्यावर संदीपनं आबांना सगळं सांगितलं. त्यांनी चहा संपवून कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघून ते म्हणाले,

"सूनबाई, उद्या मला बारामतीला डोळ्याच्या दवाखान्यात जायचं हाय. त्याला बसू दे घरी. तू ने मला."