अर्ध्या गिलासाचा उमेदवार

चि. विपुल,

तुला काकाचा आशीर्वाद, आणि तुझ्या त्या लेस्टर गावाला दर्यापूर तालुक्याकडून लांबूनच रामराम. तुझी तब्येत कशी आहे? नुसत्या पावावर दिवस काढत नसशील अशी आशा आहे. इकडे माझं पोट तुला माहीत आहे तसंच आहे. तुझी काकू मात्र ठणठणीत आहे, आणि हे पत्र लिहिण्याचं कारणही तेच आहे. (फोनच केला असता, पण मी फोनवर बोलू लागलो की ती नेमकी शेजारी तूर निवडायला बसते. म्हणून कागदावर लिहून रागिणीसुनेकडे देतो आहे. ती फोटो काढून तुझ्या मोबाईलवर धाडेल. पोस्टाने पाठवलं तर पत्र पोचेपर्यंत तुमच्या इंग्लंडात आणि आपल्या गावात, दोन्हीकडे गुलाल उधळून झालेला असेल.)

पासपोर्ट भारताचा असूनही तुला तिथे मत देता येतं, हे तू कळवलंस तेव्हा माझी छाती फुगली. लगेच काळजीही लागली. आपल्या घराची रीत तुला ठाऊक आहे. घरातली सगळी मतं मी सांगेन त्या चिन्हावर पडतात. मग एक मत साता समुद्रापार मोकाट कसं सोडायचं? म्हणून तू पाठवलेला त्या दोन पुढाऱ्यांच्या वादाचा व्हिडिओ रागिणीने टीव्हीला जोडला, आणि अर्धी आळी आपल्या ओसरीत येऊन बसली. सहदेवही आला. (सरपंचपदाला तो माझ्याविरुद्ध उभा आहे, पण चहा आमच्याकडेच पितो.)

इंग्रजी कोणालाच कळत नव्हतं. रागिणी अर्थ सांगत होती, पण मत बनवायला अर्थ लागतो असं इथे कोणाला वाटत नाही. दोघांच्याही गळ्यात दुपट्टा नाही, मागे फटाके नाहीत, जिंदाबाद म्हणायला चार पोरं नाहीत, हे पाहून सगळे हळहळले. म्हाताऱ्या पुंजारामला लाल टायवाला अजिबात पटला नाही. "इचारलं तेवढंच सांगून राह्यला बा. याच्याजवळ सोताचं काईच नाई काय?" निळ्या टायवाला मधूनमधून हसत होता. शेजारची माणिकबाई म्हणाली, "हा पोरगी पाह्यले आल्यासारखा हासते. याच्या घरचे कुठी हायेत?"

खरा निकाल लागला तो पाण्याने. दोघांपुढे एकेक गिलास होता. लाल टायवाल्याने शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. निळ्या टायवाल्याने दोन घोट घेतले आणि अर्धा तसाच ठेवून चालता झाला. माणिकबाई उठून उभी राहिली. "अर्धा गिलास गोडं पाणी टाकून गेला! याले मत देता काय?" आपल्या खारपाणपट्ट्यात याच्यापुढे कोण काय बोलणार? नळ आठवड्याने येतो, आणि येतो तो खारा. मत लाल टायवाल्याला, हा ठराव एकमताने मंजूर झाला. तुझी काकू मात्र दोघांकडेही पाहत नव्हती. ती पाहत होती प्रश्न विचारणाऱ्या बाईकडे, जी एवढ्या मोठ्या माणसांना 'वेळ संपली' म्हणून मध्येच गप्प करत होती.

इथे मला बुद्धी सुचली. (तिला काय म्हणायचं ते तू ठरव.) मी जाहीर केलं की आपल्या गावातही असाच वाद होईल, शाळेच्या मैदानावर, सहदेव आणि मी समोरासमोर. प्रश्न विचारायला आशाबाई, म्हणजे तुझी काकू. घरचंच माणूस, नवऱ्याला अडचणीचं काय विचारणार, असा माझा हिशोब होता.

सारं गाव लोटलं. मी दुपट्टा घालून गेलो, हात जोडले, आणि गोड्या पाण्याच्या योजनेवर सुरुवात केली. मागच्या वेळी सरपंच असताना जिथे थांबलो होतो तिथूनच. पहिलं वाक्य संपायच्या आत काकूने दोघांपुढे एकेक गिलास ठेवला. "हे आपल्या नळाचं पाणी हाय. आधी पुरं प्या, मंग पाण्यावर बोला."

विपुल, तुला तर माहीत आहे, पोटामुळे माझ्यासाठी दर्यापूरहून पाण्याची कॅन येते. तुझ्या काकूने कधी त्या कॅनला हात लावला नाही, हे मला त्या दिवशी, त्या गिलासाकडे पाहताना पहिल्यांदा आठवलं, आणि मला फार लाज वाटली. मी दोन घोट घेतले. तिसरा जाईना. सहदेवचंही तोंड वाकडं झालं. सगळ्यांचे डोळे गिलासांवर. मी म्हणालो, "योजनेचा आराखडा..." ती म्हणाली, "वेळ संपली." मग तिने माझा उरलेला अर्धा गिलास उचलला, एका दमात रिकामा केला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "आमी बाया रोज पेतो."

टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी माणिकबाई आणि आळीतल्या बायांनी तिला काळीपिवळीत बसवून तहसिलीत नेलं आणि सरपंचपदाचा अर्ज भरून परत आणलं. पोरं आता मला 'अर्धा गिलास' म्हणतात. सहदेव चहा अजून आमच्याकडेच पितो, पण कपबशी काकूच्या बाजूला सरकवून बसतो.

बाकी सर्व क्षेम. थंडीत कानाला मफलर बांधत जा.

तुझा काका,
किसनराव

ता. क. अर्ज मागे घ्यायची मुदत सोमवारपर्यंत आहे. तू तिचा लाडका आहेस. फोन करून सांग की इंग्लंडात बायको नवऱ्याविरुद्ध उभी राहत नाही. (राहत असेल तर तेवढं सांगू नकोस.)

ता. क. २. तुझं मत लाल टायवाल्याला. घराचा निर्णय झाला आहे.

विपुल बेटा, रागिणीनं फोटो काढायच्या आधी हा कागद मले दाखवला. काकाची वेळ संपली. तुले जो पटन त्याले मत दे, आमाले सांगूबी नको. अर्ज मी मागं घेत नाई. घरातले सारे मतं एकाच चिन्हावर पडतात, हे काका खरं सांगते. या बारीले ते चिन्ह माह्यं हाय. त्याईलेबी ते समजलं असन. परवापासून काका न्हाणीमागं लपून नळाचं पाणी प्यायची सवय करून राह्यले. पाऊण गिलासापर्यंत आले.