उत्तरेश्वरची लाथ

प्रिय उत्तरेश्वर,

तुझ्या नांदेडच्या गोलाची गोष्ट माझ्या हॉटेलात रंगवून सांगणं मला फुकटात पडतं असं मी समजत होतो. खरा हिशेब असा: ऐकणाऱ्यांना पाजलेला चहा, रंगात येऊन मी लाथ मारून मोडलेला एक बाक, आणि आता तू.

तू बीडच्या जेलात गेल्यापासून हॉटेलात दुसरा विषय नाही. पाझर तलावाच्या कामावर धुळाजी मुकादम मेलेला सापडला. डॉक्टर म्हणाला, बरगड्या लाथेनं मोडल्यात. आदल्या दिवशी टँकरच्या पाण्यावरून तुझं-त्याचं वाजलं होतं, पण तसं त्याचं निम्म्या गावाशी वाजत होतं. तुला धरलं ते वेगळ्याच कारणानं. हवालदार माझ्याच बाकावर बसून फौजदाराला सांगत होता, "साहेब, अशी लाथ जिल्ह्यात एकाचीच हाय. नांदेडला जाळी फाडून गेलता बॉल." मी भट्टीमागे होतो. कपबशा विसळायच्या दिवसांपासून या कानांवरच मी धंदा उभा केला. उतू जाणाऱ्या दुधातूनही मला ऐकू येतं. हवालदाराचा शब्द न् शब्द माझा होता. जाळी फाटल्याचं तर मी पदरचंच घातलं होतं. त्या मैदानावर जाळीच नव्हती.

तू हैदराबादेहून आलास तो दिवस आठवतो. पगार घेऊन फुटबॉल खेळणारा शिरूरकडचा पहिला गडी, म्हणून साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी परळी स्टेशनावर जीप पाठवली, कारखान्याच्या टीममध्ये घेतलं, क्वार्टर दिली. लोकांनी तुझे खांदे पाहिले. मी मात्र तू बाकावर बसताना तुझा गुडघा वाजलेला ऐकला, गंजलेल्या बिजागरीसारखा. विचारलं, तर तू माझा हात धरून माझ्याच गळ्यातल्या इष्टलिंगावर ठेवलास आणि शपथ घातलीस. या गुडघ्याबद्दल मी तुझ्याशिवाय कुणाशी बोलायचं नाही. खेळाडू गेला की क्वार्टर गेली, क्वार्टर गेली की तुझ्या आईच्या, मनकर्णामावशीच्या, दारातला नळ गेला. आणि तुमच्या शिरूरच्या आडात दगड टाकला तर दगडच वाजतो. एकच सामना झाला तुझा, नांदेडचा. मग पावसानं दडी मारली, मैदानावर जनावरांची छावणी पडली आणि तुझा गुडघा झाकला गेला. दुष्काळ कुणाला पावला असेल तर तुला.

जेलात भेटायला आलो तेव्हाही तुझं तेच. "मी मारलंच न्हाई आप्पा, तर भ्यायचं कावून? निकाल लागस्तोर आईचा नळ तरी राहील." वकिलाचं लक्ष तुझ्या पायाकडे जात नाही, आणि मला त्याला सांगता येत नाही. इकडे गिऱ्हाइकं मलाच ती गोष्ट सांगायला लावतात. गप्प बसलो तर म्हणतात, "आप्पाला चेअरमननं दम दिला बे." सांगितली तर तुझ्या गळ्यातला फास आवळतो. लिंगावरची शपथ मोडून मला कुणाच्या पंगतीत बसता येणार नाही, आणि ती पाळून तुझ्या आईसमोर उभं राहता येत नाही. स्वतःच्याच हॉटेलात मी कप खाली ठेवतो आणि आत पळतो.

मावशीला कालच आमच्याकडे आणलं. आमच्या आडात अजून घागर बुडते, तिरकी का होईना. "माझा नळ सोडायला लावला मेल्यानं," असं मला शिव्या घालत ती आली, आणि आल्या आल्या माझी बायको शांतादेवी हिच्या हातची भाकरी जाड असते म्हणून स्वतः थापायला बसली. तेव्हा नळाचा धाक आता संपला. शपथ मी मोडलेली नाही. बोलतोय तो तुझ्याशीच. कैद्याचं पत्र जेलरसाहेब आधी वाचतात, ही पद्धत काही मी पाडलेली नाही. उद्या ते वाचतील म्हणूनच हे टपालात टाकतोय. तर उत्तरेश्वर, तुझा उजवा गुडघा हैदराबादेतच निकामी झाला. त्या पायानं तुला बादली लवंडता येत नाही आणि त्याच्यावर उभं राहून डाव्यानं लाथ घालता येत नाही. कुठल्याही सरकारी डॉक्टरनं दाबून पाहावं. आणि नांदेडचा तो गोल तू मारलाच नव्हतास. तू गुडघा धरून खाली वाकला होतास. चेंडू तुझ्या पाठीला लागून आत गेला.

तुझाच,
मन्मथप्पा