मी येईपर्यंत धाव

८ नोव्हेंबर १९५४, सोमवार
आजपासून नोकरीस. तीही कॉलेजात. मॅट्रिकला दोनदा बसून जिथे शिरता आले नाही तिथे शेवटी शिरलोच. महादेवमामा येथे इतिहास शिकवतात, खेळांचे खातेही त्यांच्याकडेच. सेलूहून आईने त्यांना निरोप धाडला की पोरगं घरी टिकत नाही, कुठंतरी गुंतवा. यात माझा दोष नाही. जिनिंगमध्ये टिकलो नाही कारण कापूस नाकात जातो. कारंज्याच्या ट्रकवर टिकलो नाही कारण ड्रायव्हर गायचा. तंबूच्या सिनेमात टिकलो असतो, पण तंबूच उठला.
काम : कॉलेजच्या खेळाडूंची देखभाल. दूध, झोप, अभ्यास, वळण. एकूण विकासच म्हणा ना. खेळाडू सध्या एक आहे.

९ नोव्हेंबर
खेळाडू पाहिला. जंगू उईके, फर्स्ट इयर. कारंज्याच्या पलीकडे जंगलाला लागून गाव, बाप ठेकेदाराकडे लाकूड तोडतो. घरी गोंडी बोलतात, त्यामुळे मराठी जपून वापरतो. अर्धा मैल धावतो.
मामांनी प्रकरण समजावले. पुढच्या महिन्यात नागपूरला कॉलेजा-कॉलेजांच्या शर्यती आहेत. जंगू पहिल्या तिनात आला तर प्रिन्सिपॉलसाहेब त्याची फी आणि खाणावळ बी.ए. होईपर्यंत माफ करणार. नाही आला तर नवीन सालात गाठोडे बांधून बापाजवळ, हाती कुऱ्हाड. मामा म्हणाले, पोरगं गुणाचं हाये, करते बराबर, तू फक्त मधात येऊ नको.
जंगूला विचारले, कॉलेज कशासाठी? म्हणे, आमच्या गावच्या शाळेत मास्तर टिकत नाही, मी मास्तर होतो अन् टिकतो. मी म्हटले, ध्येय मोठे ठेवावे. तो म्हणे, तुमचं कोणतं हाये, भाऊ? विषय बदलला.

११ नोव्हेंबर, सकाळी ९
योजना तयार. दहा कलमे. कलम पहिले : खेळाडू व देखरेख करणारा, दोघांनी पहाटे चारला उठणे. उद्यापासून.

१२ नोव्हेंबर
उठलो नाही. जंगू उठला होता. सहा वाजता दार उघडले तर पायरीवर बसलेला. म्हणे, तुमी सांगितल्याबिगर कसा धावू? शिस्त उत्तम.
ग्राउंडवर नेले. अर्धा मैल कुठून कुठपर्यंत ते कळेना. मोजायला दोरी आणतो म्हणून निघालो. जाताना सांगितले, मी येईपर्यंत धाव.
दोरीचे दुकान स्टेशनाकडे आहे. स्टेशनात मद्रासची गाडी उभी होती. कोणत्याही गाडीकडे पाच मिनिटे पाहिले की माझे मन स्वच्छ होते. एका फौजी माणसाने चहा पाजला आणि मद्रासकडे भाताबरोबर काय काय खातात ते सविस्तर सांगितले. परत आलो तेव्हा ऊन चढले होते. जंगू धावत होता. दोरी राहिली.

१६ नोव्हेंबर
खाणावळीच्या देवकाबाईंकडून जंगूसाठी रोज शेरभर दूध मंजूर. ते आधी मी चाखतो. खेळाडूच्या पोटात काहीबाही जाऊ नये. आज चाखता चाखता तळ लागला. उद्या बेताने चाखणे.

१९ नोव्हेंबर
ग्राउंडवर पोरे क्रिकेट खेळतात, म्हणून जंगूला पवनारच्या रस्त्याला लावले. मी सायकलवर मागून येतो, मी येईपर्यंत धाव, असे बजावले. निघालोच होतो. पण कापूसबाजाराकडे बैलबंड्यांची रांग, त्यात एका बैलाने बसकण मारलेली. त्याला उठवायला वीस माणसे आणि वीस मते. माझे एकविसावे. दहा वाजता आठवण झाली.
जंगू पवनारच्या पुलापर्यंत जाऊन मला शोधत परत आला होता, आणि मी न दिसल्यामुळे पुन्हा पुलाकडे निघाला होता. मामा म्हणाले, अबे, अर्ध्या मैलाच्या पोराले तू बैलावानी काऊन हाकून राह्यला? मी म्हटले, मामा, तो थांबतच नाही. हे खरेच आहे.

२४ नोव्हेंबर
आज इंग्रजी. कलम सहावे. जंगूच्या पुस्तकात धडा : स्प्रिंग हॅज कम. मी अर्थ सांगितला, स्प्रिंग आली, म्हणजे सायकलची सीट फाटून वर आली. तो म्हणे, भाऊ, पुढं फुलं आलेत. मी म्हटले, सीटवर नक्षी असेल. तो म्हणे, अन् पाखरं? मग मात्र त्याला स्पष्ट सांगितले की एका शब्दाला एकच अर्थ धरावा आणि घट्ट धरावा. दोन दोन अर्थ सांगत बसतात त्या मास्तरांचा वेळ जात नसतो.
जंगूने मान डोलावली. नंतर तो मामांकडे पुस्तक घेऊन गेला. शंका विचारायची सवय चांगली आहे, जागा चुकली.

३ डिसेंबर
पंधरा दिवसांचा आढावा. जंगू रोज पवनार करतो. मी रोज निघतो. वाटेत काही ना काही असतेच : टपालाची गाडी, कुस्ती, एक मोर.
देवकाबाई म्हणाल्या, धावते तो बिचारा जंगू अन् आंग भरून राह्यलं तुह्यं, हे कसं रे बापू? मी कानाआड केले. आरशात पाहिले. थोडे खरे आहे.
निश्चय : दूध बंद. (माझे.)

५ डिसेंबर
दूध नासले आहे का पाहण्यापुरते घेतले.

१६ डिसेंबर
उद्या नागपूर. मामा तिथे पंच आहेत, त्यांची बैठक, त्यामुळे ते वेगळे उतरणार. जंगू पूर्ण माझ्या हवाली. जाताना दोनदा बजावून गेले : शनिवारी सकाळी साडेआठले हीट हाये, पोराले नीट सांभाळजो, फायनल चारले हाये.
हीट म्हणजे उष्णता. हे मला मॅट्रिकच्या आधीपासून येते. डिसेंबरात साडेआठलाच? पण नागपूर ते नागपूर, आणि मामा शिकलेले आहेत. तयारीला लागलो. बरोबर घेतले : दोन कांदे, एक पंचा भिजवायला, एक कुलूप.

१७ डिसेंबर, नागपूर
ग्राउंडला लागून एका शाळेत उतरलो. आम्हाला मागच्या अंगाचा एक वर्ग मिळाला. खिडकीला गज. इतर कॉलेजांची पोरे आजच उड्या मारत होती. मी जंगूला म्हटले, पाहा, आजच दमतील. त्याला झोप येईना. म्हणे, भाऊ, तिसरा आलो तरी चालते ना? मी म्हटले, तू माझ्यावर सोड. तो उठून बसला.

१८ डिसेंबर, सकाळी ८
सगळी पोरे बाहेर चालली आहेत, उघड्या डोक्याने. कोणाला कोणी सांगणारे नाही. जंगूही निघाला होता, म्हणे, सरांनी साडेआठ सांगितलंतं. मी म्हटले, म्हणूनच. खिशात कांदा दिला, डोक्यावर ओला पंचा दिला, वर्गात बसवला. उष्णता उतरेपर्यंत हलायचे नाही. भोळा आहे, कोणी बोलावले तर जाईल, म्हणून बाहेरून कुलूप लावले. म्हटले, मी येईपर्यंत थांब. संत्री आणायला निघतो. थंड असतात.

१८ डिसेंबर, दुपार
सीताबर्डीत एक माणूस सात दिवस सायकलवरून न उतरता गोल गोल फिरतो आहे. आज पाचवा. जेवतो वरच, दाढी वरच. लोक नाणी टाकतात. त्याच्याजवळ ध्येय आहे. असा माणूस पाहणे हेही माझ्या कामातच येते. जंगूला सांगायचे म्हणून सर्व बारकाईने पाहिले. आता निघतो. तो आंघोळ वर कशी करतो तेवढे पाहून.

१९ डिसेंबर, परतीच्या गाडीत
काल साडेतीनला संत्री घेऊन आलो तर कुलूप तुटलेले. चोर आले असावेत. सामान जागच्या जागी, फक्त खेळाडू नाही.
ग्राउंडवर मामा भेटले. त्यांनी मला जे म्हटले ते इथे लिहिता येत नाही. त्यात माझ्या आईचे नाव होते, आणि ती त्यांची सख्खी बहीण आहे. मुद्दा एवढाच की हीट म्हणजे शर्यतीची पहिली फेरी. तीत जो धावत नाही तो फायनलला धावत नाही. अर्ध्या मैलाची हीट साडेआठला झाली. जंगूचे नाव तीनदा पुकारले. मामा शोधत शोधत शाळेत आले, दगडाने कुलूप फोडले, तोपर्यंत सर्व आटोपले होते. इंग्रजांनी असा शब्द ठेवायलाच नको होता.
जंगू झाडाखाली बसला होता. रागावला नव्हता, तेच वाईट वाटले. म्हणे, भाऊ, खिडकीतून समदं दिसत होतं. ऊन नव्हतं. माह्यं नाव आयकू आलं. मी आतून आवाज देल्ला, कोणाले गेला नाई. मंग वाटलं, तुमी येसान.
मी त्याला संत्रे दिले. त्याने हातात धरून ठेवले, सोलले नाही.
मामांनी मात्र पंचांशी भांडून एक गोष्ट केली होती. तीन मैलांच्या शर्यतीला हीट नसते, एकदम फायनल. तिथे मामांनी क्रिकेटच्या एका पोराचे नाव भरतीला घातले होते, पण तो तापामुळे आलाच नव्हता. त्याच्या जागी जंगूला उभे केले. तीन मैल तो कधी शर्यतीत धावला नव्हता. मामा म्हणाले, हे शेवटचं हाये रे जंगू, आता यापुढं कुऱ्हाड हाये. मला म्हणाले, तू इथून दूर उभा राह्य.
मी दूरच्या वळणावर उभा राहिलो आणि फेऱ्या मोजू लागलो. बारा असतात. मध्ये संत्रीवाला आला. तरी बहुतेक बरोबर मोजल्या. शेवटची आली तशी ओरडलो, आखरी, जंगू, आखरी. जंगू सांगितलेले ऐकतो. असा सुटला की पाचवा होता तो पहिला झाला, मागे कोणी नाही. फेरी पूर्ण करून रेघेवर आला, आणि तिथे पंचाने घंटा वाजवली. घंटा शेवटच्या फेरीची असते.
घंटा वाजली तेव्हा जंगूने ग्राउंडच्या पलीकडून माझ्याकडे पाहिले. धावताना इकडेतिकडे पाहू नये असे मी त्याला शिकवले होते.
मी बोट दाखवले : आणखी एक. तो धावू लागला. जोर संपलेला दिसत होता. एक गेला पुढे. दुसरा गेला. शेवटच्या वळणावर तिसरा अमरावतीचा पोरगा खांद्याला लागला. मामा पंच असून रेघेवर वाकून ओरडत होते. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा दोघेही जमिनीवर पडलेले, आणि मामा जंगूच्या डोक्यावर पाणी ओतत होते. डोळे मामांचेही ओले होते.
तिसरा. छातीभर अंतराने.
मामांनी त्याला विचारले, इतका दम कुठून आणला बे? जंगू म्हणे, पवनारच्या रस्त्यानं. भाऊ येतच नव्हते.
म्हणजे माझी योजनाच. फक्त अर्ध्या मैलाऐवजी तीन मैलांची होती, हे मला आधी माहीत नव्हते.

२२ डिसेंबर
प्रिन्सिपॉलसाहेबांनी जंगूची फी आणि खाणावळ माफ केली. मीही हजर होतो, दाराजवळ. साहेबांनी विचारले, तुझ्या पुढच्या तयारीसाठी कॉलेजने काय काय करावे? जंगूने विचार करून सांगितले, एक जोडी जोडे पाह्यजे, अन् भाऊले दुसरं काही काम द्या. 
एवढ्या गडबडीत माझा विचार केला. बाहेर आल्यावर मी त्याची पाठ थोपटली. मामा दुसरीकडे पाहत होते.

३ जानेवारी १९५५, सोमवार
नवे साल, नवे काम. कॉलेजची घंटा. दर तासाला ठोके द्यायचे. सोपे वाटते, पण सगळे कॉलेज माझ्या हाती आहे. योजना केली. कलम पहिले : घड्याळापासून न हलणे.

१० जानेवारी
दुसऱ्या आणि तिसऱ्या तासाच्या मध्ये थोडा वेळ होता. मद्रासची गाडी आज उशिरा आहे असे कळले होते. उशिरा येणारी गाडी कशी येते ते पाहायला गेलो. ती बरीच उशिरा आली.
इकडे मामांचा इतिहासाचा तास चालूच. ते घंटा होईपर्यंत शिकवतात. पानिपत संपले, पुढचे युद्ध सुरू झाले, पोरे पेंगली. मग जंगू उठला. मामांनी विचारले, कुठं चालला? म्हणे, सर, भाऊ आता येत नाई. वर्गाबाहेर गेला, हातोडा उचलला आणि स्वतःच घंटा वाजवली. कोणाचीही वाट पाहिली नाही.
खेळाडूने आपल्या बुद्धीने चालावे, हे माझ्या योजनेत अकरावे कलम होते. लिहायचे राहिले होते.
मी परतलो तेव्हा घंटेचा हातोडा जंगूच्या बाकाखाली होता. मी मागितला. म्हणे, राहू द्या भाऊ, माह्याजवळच बरा हाये. मामा म्हणाले, बराबर हाये.
उद्यापासून मी काय करायचे ते कोणी सांगितले नाही. संध्याकाळी एक गाडी मुंबईकडे जाते. नुसती पाहून येतो.