तिबिलिसीतला बुधवार

बा, पुढच्या शनिवारी मी आणि तुझा जावई विमानानं तिबिलिसीला चाललो आहोत. जॉर्जिया नावाच्या देशाची ती राजधानी. तू हे नाव ऐकलेलं असायचं कारण नाही, चार वर्षांपूर्वी मीही ऐकलं नव्हतं. तू गेलास त्याच्या पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. ती आता बावीस वर्षांची आहे, आणि बारावीनंतर डॉक्टर व्हायला तिकडे गेली. जव्हारमधून आणखीही दोघंतिघं गेलेत. इथं प्रवेश हुकला की मुलं तिकडे जातात, त्यात आता नवल राहिलेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडे आठवडाभर जाऊन यायचं असं ठरलं आणि आखणीचं काम माझ्याकडे आलं. जामसरला भाऊ म्हणाला, "कापणी तोंडावर आली नि तुम्ही कुठं फिरायला निघालात?" त्याचंही खरं आहे. पण तुझ्या जावयाची शाळा मोखाड्याला, त्याला सुट्टी तेवढीच. त्या आखणीत जे झालं ते कुणाला तरी सांगायचं आहे आणि दुसरं कुणी सुचत नाही, म्हणून तुला लिहिते आहे.

मी अठ्ठावीस वर्षं सरकारी ऑफिसात कारकून आहे. तक्ता केल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही. सात दिवसांचे सात आडवे रकाने, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि शेवटी शेरा. रविवारी पोचायचं आणि झोपायचं. सोमवारी जुनं गाव: लाकडी सज्जांची घरं, दगडी गल्ल्या, वर टेकडीवर किल्ला. किल्ल्यावर दोरीवरच्या पाळण्यातून जाता येतं, त्यामुळे माझ्या गुडघ्याचा प्रश्न मिटला. मंगळवारी गंधकाच्या गरम पाण्याची स्नानघरं. ती शेकडो वर्षांची आहेत, जमिनीखाली, वर विटांचे घुमट. तुझा जावई म्हणाला, "गरम पाण्यासाठी एवढ्या लांब? वज्रेश्वरीचं काय वाईट आहे?" गुरुवारी त्यांची त्याहून जुनी राजधानी, तासाभराच्या अंतरावर. शुक्रवारी डोंगरावर चढणारी रेल्वे. शनिवारी पुलावरचा जुन्या वस्तूंचा बाजार. बुधवार मी मोकळा ठेवला होता. त्यांची अक्षरं मी दुकानांच्या पाट्यांचे फोटो बघून ओळखायचा प्रयत्न केला. सगळी वाटोळी, नागलीच्या कणसासारखी आत वळलेली. चारपाच ओळखता येतात, पुढे जमलं नाही. त्यांच्यात बापाला मामा म्हणतात, हे मात्र लगेच लक्षात राहिलं.

रोज संध्याकाळी मी मुलीला फोन करायचे आणि तक्त्यातली एकेक ओळ पक्की करायची. ती उत्साहानं सांगायची: हे नको, ते बघ, इथं राजम्यासारखी उसळ मडक्यात मिळते, बाबांना आवडेल. फक्त तिच्या वेळेबद्दल विचारलं की उत्तर तोकडं यायचं. दुपारनंतर मोकळी आहे, एवढंच. व्हिसाच्या कागदांना जोडायला मी तिच्याकडे बोनाफाईड मागितलं. तीन आठवडे ते आलं नाही. कधी ऑफिस बंद, कधी सही करणारा रजेवर. बा, मी ज्या टेबलावर बसते त्यावरून असे दाखले रोज जातात. किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. तरी मी काही बोलले नाही. त्या कागदावाचून काम झालं, व्हिसा मिळाला, आणि मी तो विषय फाईलबंद केला.

मग थंडीचे कपडे घ्यायला जव्हारच्या बाजारात गेले. कापडदुकानातल्या वहिनींचा भाचा तिकडेच शिकतो, हे मला ठाऊक होतं. त्यांनी चारपाच स्वेटर काढून पुढ्यात टाकले आणि सहज म्हणाल्या, "तुमच्या मुलीचं कौतुक वाटतं हो. शिक्षण सोडल्यावर दुसरी कुणी असती तर रडत घरी आली असती. हिनं तिथंच काम धरलं. माझा भाचा तिच्या बेकरीतूनच पाव नेतो." मी हातातल्या स्वेटरची बाही मोजत होते. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात थांबला. "तुम्हाला माहीत होतं ना?" मी म्हटलं, "हो, माहीत आहे की. हा करडा द्या." घरी आल्यावर कळलं की तो माझ्या मापाचा नाही.

मी घरी सांगितलं तेव्हा तुझा जावई रागावला. सारखा रागावणारा माणूस नाही तो. "आत्ताच्या आत्ता फोन लाव," म्हणाला.

"लावून काय म्हणू?"

"खरं काय ते विचार."

"विचारलं की सांगेल ती. तिनं न विचारता सांगायला हवं."

"मग तिकिटं रद्द कर. काय बघायला जायचं तिथं?"

मी तिकिटं रद्द केली नाहीत. माझ्या तक्त्यावरची पेन्सिल उचलून बुधवारच्या रकान्यात त्यानं लिहिलं: कॉलेज बघणे. मुख्याध्यापकांना भेटणे. विद्यापीठाला मुख्याध्यापक नसतो हे त्यालाही कळतं. पण त्याची तीस वर्षं शाळेतच गेली, रागात तोच शब्द आला असणार.

त्या दिवसापासून मला नाशिक आठवत राहिलं. तुला ते आठवत असेल की नाही, कोण जाणे. मी नर्सिंगला होते. सहा महिन्यांत सोडलं. भाजलेल्या बाईची पट्टी बदलताना मी दोनदा चक्कर येऊन पडले आणि तिसऱ्यांदा गेलेच नाही. मैत्रिणीच्या खोलीवर राहायला लागले, टायपिंगचा क्लास लावला, सकाळी तिथंच झाडलोट आणि नोंदी करायचे. घरी पत्रं पाठवत होते की प्रशिक्षण चांगलं चाललंय. आठ महिने. तू तेव्हा सूर्यमाळला आश्रमशाळेत स्वयंपाकी होतास. शाळेसाठी मोठी पातेली आणायला तुला नाशिकला पाठवलं, तू आधी माझ्या वसतिगृहात गेलास आणि तिथं तुला कळलं. मैत्रिणीनं पत्ता दिला असणार. मी क्लासचा जिना उतरते आहे. आधी मला पातेलं दिसतं, लहान मूल आत बसेल एवढं, आणि मग त्याच्यामागे तू. वर चाळीस मशिनांचा कडकडाट चाललेला. तू किती वेळ उभा होतास ते मी कधीच विचारलं नाही.

"सुटली का शाळा?" तू म्हणालास.

"सुटली."

"चल, जेवू. भूक लागलीय."

खाणावळीत तू आमटीचा भुरका मारलास आणि म्हणालास, फोडणी जळलीय. तरी सगळी प्यायलास. मी ताटाकडे बघत वाट पाहत होते. तू भावाच्या म्हशीबद्दल बोललास, सूर्यमाळला टँकर तीन दिवस आला नाही आणि तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी घासावी लागली ते सांगितलंस. स्टँडवर एस.टी. लागली. पातेली टपावर चढवून, दोरी आवळून तू खाली उतरलास आणि माझ्यासमोर उभा राहिलास. "सोडलं ता सोडलं," म्हणालास. "सगळ्यांना सगळं जमत नाय. पण आठ महिने एकटीच खोटं धरून बसलीस. एवढा लांबचा का मी?" तू गाडीत चढलास. मला आयुष्यात बोलणी पुष्कळ बसली, साहेबांची तर हिशेबाबाहेर, पण ते वाक्य मी अजून तसंच्या तसं सांगू शकते. गावात मात्र तू सगळ्यांना सांगत सुटलास की पोरगी टायपिंग शिकली, आता ऑफिसात लागेल. पुढं ते खरंही झालं.

मला वाटलं, आपणही तसंच करावं. जावं, सोबत जेवावं, आणि तिला बोलायला जागा द्यावी. म्हणून मी रोज फोन करत राहिले, किल्ला आणि पाळणा आणि बाजार यांबद्दल बोलत राहिले. असे जवळजवळ तीन आठवडे गेले. एकदा व्हिडिओवर तिनं केस मागे सारले तेव्हा हातावर भाजल्याचे दोन लांबट डाग दिसले. तुझ्या हातावरही चुलीचे डाग असायचे, पण ते आम्हाला कधी भाजल्यासारखे वाटले नाहीत, हाताचाच भाग वाटायचे. "हाताला काय झालं?" मी विचारलं. "इस्त्री," ती म्हणाली. मी पुढच्या ओळीकडे वळले.

गेल्या रविवारी शेवटची उजळणी होती. मी तक्ता तिला दिसेल असा धरला होता. मंगळवार झाला. ती बुधवारचं अक्षर वाचत राहिली, बाबांचं अक्षर ती ओळखते. मग म्हणाली, "आई, बुधवार काढून टाकायचा का? त्या दिवशी तिकडे काही बघण्यासारखं नसतं."

"काढू. त्या दिवशी तुझी बेकरी बघू."

तिच्या मागे कुठंतरी ट्रामसारखा काहीतरी आवाज येत होता, त्या शहरात ट्राम नाही हे मला आखणीमुळे माहीत होतं, म्हणजे नळ किंवा पंखा असावा.

"कधी कळलं?"

"स्वेटर घेताना."

"बाबांना?"

"त्याच दिवशी."

मग तिनं सांगितलं. दुसऱ्या वर्षात एका विषयात दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा बसायचं धैर्य झालं नाही. घराजवळ एक बाई पाव भाजते, तिच्याकडे आधी नुसती ऊब मिळते म्हणून जाऊन बसायची. मग त्या बाईनं हातात पीठ दिलं. त्यांची भट्टी विहिरीसारखी खोल असते, मातीची, आणि पाव आतल्या भिंतीला थापायचा. त्यासाठी कमरेतून आत वाकावं लागतं. "पहिल्या महिन्यात माझे निम्मे पाव खाली राखेत पडायचे," ती म्हणाली आणि थोडी हसली. मी तिला सांगितलं नाही की तू सूर्यमाळला दोन चुलींपुढे बसून सगळ्या शाळेच्या भाकऱ्या थापायचास आणि मी त्याच शाळेत शिकत असूनही मला रांगेत शेवटी वाढायचास. ते तिथं गेल्यावर सांगेन, किंवा नाही सांगणार.

"पुढे काय करायचं ठरवलंयस?"

"नाही ठरवलं. घरी आले तर लोक काय म्हणतील, तेवढंच डोक्यात येतं."

तुझा जावई इतका वेळ आतल्या खोलीत होता. तो बाहेर आला आणि माझ्या खांद्यावरून फोनकडे बघत म्हणाला, "कामावर किती वाजता जातेस?"

"पहाटे पाचला."

"एकटी?"

"ती बाई असते बरोबर. तिच्या घरावरूनच जाते."

"बरं," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्यानं खोडरबरानं बुधवारची ओळ पुसली, कागदावरचा चुरा फुंकरला आणि भाजी चिरायला बसला. त्या रकान्यात त्यानं दुसरं काही लिहिलं नाही, मीही नाही.

बा, एक गोष्ट मला या सगळ्यात नीट दिसली. तू नाशिकला जेवणभर त्या विषयावर गप्प राहिलास तो शहाणपणानं, की तुला बोलायला सुचत नव्हतं, हे मला आजवर कळलेलं नाही. पण तू त्याच दिवशी, गाडी सुटायच्या आत बोललास. मी तीन आठवडे बोलले नाही. मी स्वतःला सांगत होते की मी तुझ्यासारखं वागते आहे. तसं नव्हतं. वहिनींनी चुकीचं सांगितलं असेल अशी आशा होती, आणि ती संपल्यावर रागच होता. "बेकरी बघू" हे मी म्हटलं तेव्हा तिला पकडल्याचा थोडा आनंदही झाला होता. तिनंच आधी जर मला विचारलं असतं, की आई, तू एवढी लांबची का, तर मला काही उत्तर देता आलं नसतं.

हे पत्र लिहून झालं की मी ते तक्त्याच्या मागे ठेवणार आणि परत आल्यावर फाडणार. तुला वाचता येत नव्हतं, तू असतास तरी भावानंच वाचून दाखवलं असतं, आणि त्याला यातलं अजून काही माहीत नाही. आणखी एक सांगायचं राहिलं. परदेशी जायचं तर ऑफिसची परवानगी लागते. तो अर्ज मी दोन महिन्यांपूर्वी दिला होता, त्यात प्रयोजन लिहिलं होतं: मुलीच्या वैद्यकीय महाविद्यालयास भेट. दुकानात स्वेटर घेतला त्यानंतर तो अर्ज दोनदा माझ्याच टेबलावरून पुढे गेला. ती ओळ बदलणं माझ्या हातात होतं. काल परवानगी सही होऊन आली. साहेबांनी कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "डॉक्टरीणबाईंना आमच्या शुभेच्छा सांगा." शेजारच्या टेबलांवरचे सगळे बघत होते. मी म्हटलं, "सांगते सर."